बाळाला जपून उतरवा

सातवा महिना लागला की आमच्या ओळखीतल्या बायका पाय वर करून पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कौतुक करून घेतात. मी सुट्टी टाकली आणि जुन्नरकडे निघाले. डॉक्टरीणबाईंनी "खड्डे टाळा" एवढीच अट घातली होती. त्यांनी त्या बाजूचे आतले रस्ते पाहिलेले नसावेत, आणि मीही त्यांना ते वर्णन करून सांगितलं नाही.

निघालो आम्ही तिघं, किंवा साडेतीन म्हणा. मी, माझा नवरा सुहास, आमची रेवा, जी चौथं वर्ष लागण्याच्या बेतात होती, आणि पोटातलं. या प्रवासात वाटेत रेवा आमच्या हातून सुटली. ती सापडली, सुखरूप सापडली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. आमच्या जिवाला मात्र तेव्हा असं आधी सांगणारं कुणी नव्हतं.

बोरी बुद्रुक

पहिला मुक्काम इंदूमावशीकडे. ही माझ्या आईची थोरली बहीण. घर गावाबाहेर, शेतात. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला कांद्याची रोपं. मी लहान असताना या घराला नुसतं अंगण होतं. आता अंगणाभोवती माणसाच्या डोक्याहून उंच जाळी आहे आणि जाळीला दार आहे. दिवस कलला की मावशी ते दार लावते आणि आतून साखळी घालते. कारण अर्थात बिबट्या. पुण्यात आम्ही शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलतो तितक्या सहज ती त्याच्याबद्दल बोलते. परवा पाटलांच्या मोटरीपाशी बसला होता, काल तिकडे ओढ्याला गेला. उसात कुणीतरी रेडिओ लावून ठेवलेला असतो, तो ऐकायला माणूस नसतो. गाणं वाजत राहिलं की तो जवळ येत नाही, असं म्हणतात. बिबट्यालाही आताशा गाणी पाठ झाली असतील, असं सुहास म्हणाला, तर मावशी हसली नाही.

"पोरीला मोकळी सोडू नको," ती मला म्हणाली. "आमी इथं पोरांच्या पायात वाजतं घालतो. वाजत राह्यलं म्हंजे कळतं, कुठं हाय ती. वाजायचं थांबलं की उठायचं आन बघायचं."

मी त्या रात्री रेवाला भिंतीकडे झोपवलं आणि तिचा फ्रॉक मुठीत धरून झोपले. सुहासला मी नीट झोपू दिलं नाही. त्याचा स्वभाव शांत आहे, त्यामुळे घरातला सगळा राग आणि सगळी काळजी माझ्या एकटीच्या वाट्याला येते.

जेवणाचं सांगायलाच हवं. मावशीने मासवडी केली होती. नाव ऐकून रेवाने मासा कुठे म्हणून ताट धुंडाळलं. मासा नसतोच, बेसनाच्या उकडलेल्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण, कांद्याचं भाजलेलं सारण भरून वळायचं, वड्या पाडायच्या आणि लालभडक रश्श्याबरोबर बाजरीच्या भाकरीशी खायच्या. वडीला माशाचा आकार येतो, एवढाच तिचा माशाशी संबंध. पुण्यात मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा तिची पिठलं-चटणी झाली. मावशीने माझ्या ताटात वडीवर वडी वाढली. "तुला न्हाई वाढत, आतल्याला वाढते," म्हणाली. रेवाने आपलं ताट पुढे केलं, तेव्हा तिलाही वाढली. "तू आता मोठी झाली. ताई व्हणार. आपल्या हातानं खायचं."

हे "तू आता मोठी" प्रकरण तेव्हा जोरात होतं. रेवाला कडेवर यायचं असे, तर तू आता मोठी. रात्री आईजवळच झोपायचं असे, तर तू आता मोठी. मी म्हणायचे, सुहास म्हणायचा, दोन्हीकडच्या आज्या म्हणायच्या, आणि आता मावशीही म्हणाली. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ओझर, मग ओतूर

दुसऱ्या दिवशी मावशीला गाडीत घेऊन ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेलो. रांग बऱ्यापैकी होती. मावशी चपलांपाशीच थांबली. मी कडेला टेकून उभी होते, तर पुढच्या एका आजोबांनी मागे वळून पाहिलं आणि हाळी दिली, पोटुशी बाई हाय, पुढं जाऊ द्या. रांग अशी दुभंगली, की मी काही बोलायच्या आत गाभाऱ्यापाशी होते. अनोळखी बायका माझ्या कोपराला धरत होत्या. एकीने माझ्या पोटाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. पुण्यात कुणी असं केलं असतं तर मी फाडकन बोलले असते. तिथे मला भरून आलं. सुहास आणि रेवा रांगेतच राहिले. ते बाहेर आले तेव्हा मी प्रसादाचा नारळ घेऊन ओवरीत बसले होते.

"बाळाला बाप्पा दिसला का?" रेवाने विचारलं.

दिसला की, म्हटलं. सगळ्यांनी आम्हाला पुढे सोडलं ना.

"मला नाही दिसला. मधे एक काका होते."

मी हसले. ही गोष्ट मी नंतर मावशीला गंमत म्हणून सांगितली.

ओतूरला बाजारात मावशीने रेवासाठी पैंजण घेतले. चांदीचे, पण नाजूक वगैरे मुळीच नाहीत. चांगले भरघोस घुंगरू. सोनार म्हणाला, आवाज एसटी स्टँडपर्यंत जाईल. गेला असेल. गाडीत बसल्यावर रेवा पाय हलवत राहिली आणि माझं डोकं उठलं. ते काढून पिशवीत टाकावेत असं मला दहादा वाटलं. मावशीच्या धाकाने काढले नाहीत, हे नशीब.

घोडेगाव

तिसऱ्या दिवशी मावशीचा निरोप घेऊन आंबेगावच्या पश्चिमेला निघालो. सुहासचा कॉलेजातला मित्र दत्ता तिकडे डिंभे धरणापलीकडच्या एका वाडीत शाळामास्तर आहे. त्याने कापणीच्या दिवसांत या, भाताचा वास घेऊन जा, असं वर्षानुवर्षं लावून धरलं होतं. पुढच्या वर्षी दोन मुलं घेऊन जाणं व्हायचं नाही, म्हणून यंदाच.

घोडेगावच्या अलीकडे गाडीने एक जळका वास सोडला आणि चढावर पुढे जायचं नाकारलं. क्लचप्लेट गेली होती. गॅरेजवाल्याने पार्ट मंचरहून उद्या येईल असं सांगून आमच्या हातात खुर्च्या दिल्या. सुहासने दत्ताला फोन लावला. दत्ता म्हणाला, काळजी कशाला, स्टँडवर जीप उभी असेल, तीत बसा, मी फाट्यावर मोटरसायकल घेऊन येतो. तिथून माझं घर हाकेवर आहे.

जीप उभी होती, आणि भरलेलीही होती. तरी ड्रायव्हरने मला पाहून मधल्या बाकावरच्या दोन माणसांना मागे पिटाळलं आणि खिडकीशी जागा केली. सुहास पुढे, ड्रायव्हर आणि आणखी दोघांच्या मध्ये. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर बायका, बोचकी, खताची रिकामी पोती. चढताना माझ्या लक्षात राहिली ती हिरव्यागार साडीतली एक बाई. तिच्या पिशवीतून कापडी चिमण्यांचं रंगीत झुंबर डोकावत होतं.

माझ्या मांडीवर तेव्हा मांडी उरलेली नव्हती, सगळं पोटच होतं. शेजारच्या बाईने न विचारता रेवाला आपल्याकडे ओढून घेतलं. हे मला फार बरं वाटलं. पुण्यात बसमध्ये कुणाच्या मांडीवर मूल द्यायचं म्हणजे आधी ओळखपाळख लागते; इथे मांडी ही सार्वजनिक. धरणाच्या भिंतीजवळ ती बाई उतरली आणि उतरताना रेवाला मागच्या बाकावर दिलं. कुणाकडे ते मी पाहिलं नाही. वळून बघणं सोपं राहिलं नव्हतं. पैंजणांचा आवाज येत होता, तो ऐकत मी बाहेर बघत बसले.

आणि बाहेर बघण्यासारखं होतं. एका बाजूला धरणाचं पाणी आत आत शिरलेलं, दुसऱ्या बाजूला पिकलेल्या भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी डोंगरावर चढलेली, आणि मधूनच खुरासणीच्या, म्हणजे कारळ्याच्या, पिवळ्या फुलांचा एखादा तुकडा. हवेत गार ओलसर वास. पोटातलंही शांत होतं. कधीतरी माझा डोळा लागला.

फाटा

"फाटा आला," ड्रायव्हरने सांगितलं, आणि सबंध जीप माझ्या सेवेला लागली. एकाने दार उघडलं. एक जण उडी मारून खाली गेला आणि माझ्या पायाखाली दगड सरकवला. नव्या शेजारणीने पदर सावरून दिला. "सावकाश वैनी." "घाई न्हाई." "बाळाला जपून उतरवा." मागच्या बाकावरूनही कुणीतरी तेच म्हणालं, बाळाला जपा. सुहास पुढून धावत आला आणि त्याने माझे दोन्ही दंड धरले. दत्ता रस्त्यावर उभा होताच, त्याने टपावरून बॅगा उतरवून घेतल्या. मी जमिनीवर पाय टेकले तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. जीप धूर सोडून वळणाआड गेली.

मी कंबर सरळ केली, पाणी प्यायले. फाट्यावर एक पत्र्याची टपरी, एक आंब्याचं झाड आणि कोसभर पसरलेलं पिवळं भात. किती शांत आहे, मी दत्ताला म्हणाले. खरंच फार शांत होतं. पायाशी काही वाजत नव्हतं.

मी सुहासकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"रेवा?"

"तुझ्याकडे..." तो म्हणाला.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तू बाप आहेस का हमाल, इथपासून सुरुवात झाली. तो पांढराफटक पडून नुसता उभा होता, त्याने मला आणखीच संताप आला. दत्ताने मोबाइल वर धरून पाहिला. तिथे रेंज नव्हती. मग त्याने मोटरसायकलला लाथ मारली, सुहास मागे बसला आणि दोघे जीपच्या मागे गेले. मी चार पावलं पळाले. पोट दोन्ही हातांनी धरून पळता येत नाही, हे चौथ्या पावलाला कळलं.

टपरीत एक आजी होत्या. त्यांनी बाहेर येऊन मला बाकावर बसवलं, गुळाचा चहा समोर ठेवला आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"जीपमधी राह्यली ना? मंग रडती कशाला?" त्या म्हणाल्या. "रस्त्यात राह्यली असती तर घोर व्हता. ती जीप शेवटच्या वाडीला जाती, तितनं पुढं डोंगर हाय. कुठं पळून जानार?"

मागे कोण कोण बसलं होतं ते त्यांनी विचारलं. मला हिरवी साडी आणि चिमण्या तेवढ्या आठवल्या.

"आगं, ती हौसा. भावाला लई वर्सांनी ल्योक झाला, त्याच्या बारशाला चाललीय. आत्या हाय ती, नाव तिलाच ठेवायचंय. हौसाकडं आसंल तर पोर तुज्याकडं आल्यावर तुलाच वळखायची न्हाई."

त्या धीर द्यायला बोलत होत्या. पण रेवा हौसाच्याच मांडीवर आहे हे त्यांना कुठे माहीत होतं, आणि मला तरी कुठे? मी मान फिरवून पाहिलंही नव्हतं. पेपरात वाचलेलं सगळं मला तिथे एकदम आठवलं. जीपच्या मागच्या दाराची कडी निघालेली असते, ते आठवलं. पाणी आठवलं, आताच कौतुकाने बघितलेलं. दोन दिवस बिबट्यापासून जपली आणि भरदिवसा माणसांनी भरलेल्या जीपमध्ये विसरले. आणि तेवढ्यात पोटातल्याने लाथ मारली, चांगली जोरात. एरवी मी सुहासला हाक मारून त्याचा हात तिथे ठेवला असता. तेव्हा मला त्या न जन्मलेल्या जिवाचा राग आला. तुझ्यामुळे, असं मी मनात म्हणाले. तुला उतरवण्याच्या नादात ती राहिली. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, सुहासलासुद्धा.

चहा गार झाला. आजींनी दुसरा आणून ठेवला, तोही गार झाला. रस्त्यावर ना जीप दिसे ना मोटरसायकल. मी रस्त्याकडे डोळे लावून बसले होते आणि आवाज आला तो पाठीमागून, खाचरांच्या बाजूने. आधी वाटलं, बैलाच्या गळ्यातलं. मग ओळखला. ओतूरचा तो भरघोस, डोकं उठवणारा आवाज.

बांधावरून हिरव्या साडीतली बाई येत होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात चप्पल नाही, आणि कडेवर रेवा, पाय हलवत.

मी रेवाला घेतलं आणि बाकावर बसून मोठ्याने रडले. तिच्या तोंडाला गुळाचा वास येत होता. तिने माझ्या गालाला हात लावून पाहिला आणि तो फ्रॉकला पुसला.

हौसाताई दम खात उभ्या होत्या. पदराने तोंड पुसून त्यांनी सगळं सांगितलं. पोर मांडीवर आली, पदराखाली गुमान पडून राहिली. आई मधल्या बाकावरच्या बायकांतली कुणीतरी असणार, असं त्यांनी धरलं होतं. त्यांची वाडी आली, त्या उतरायला उठल्या, पोर पुढे द्यायला गेल्या, तर मधल्या बाकावर घेणारं कुणीच नाही. ड्रायव्हरला मागे फिर म्हणावं तर तो शेवटच्या वाडीला जाऊन माणसं भरूनच परतणार. पोटुशी बाई फाट्याला उतरली हे तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख झालं. मग पिशवी भावाच्या दारात टाकली, पोरीच्या हातात गुळाचा खडा दिला आणि घरात न शिरताच त्या पायवाटेने खाली निघाल्या. पायवाट रस्त्यापेक्षा जवळची, पण चढउताराची. मोटरसायकल वरच्या रस्त्याने गेली, म्हणून चुकामूक.

"मांडीवर पोर आलं की कुनाचं ते आमी इचारत न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "तेवढंच चुकलं माजं."

मी त्यांचे हात धरले. मग मला बारशाचं आठवलं. नाव ठेवून झालं का, विचारलं.

"आत्याशिवाय कसं व्हईल? बसल्यात समदी पाळण्याभवती. बसू दे. पोरगं नाव न्हाई म्हनून काय रडत न्हाई." मग त्या रेवाकडे बघून म्हणाल्या, "पर ही तुमची लई शानी. सबंध वाटंत रडली न्हाई, का बोलली न्हाई."

थोड्या वेळाने जीप आली, पुढे सुहास, मागोमाग मोटरसायकलवर दत्ता. वाडीतून त्यांना बातमी कळली होती. सुहास उतरला, रेवाला पाहिलं आणि तिथेच रस्त्याच्या कडेला मातीत बसला. त्याला त्या अवस्थेत पाहून माझा राग गेला. निदान त्या दिवसापुरता गेला. हौसाताईंनी ड्रायव्हरला फैलावर घेतलं, की माणसं मोजून घेतोस ती मोजून उतरवत का न्हाईस. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्यानेच म्हटलं, सगळे बसा, बारशाला सोडतो.

पाळणा

असं आम्ही बिनआमंत्रणाचे बारशाला गेलो. घर सारवलेलं, आढ्याला पाळणा टांगलेला, त्यावर आता त्या चिमण्या लावलेल्या. भोवती बसलेल्या म्हाताऱ्या, आत्या येईपर्यंत काय करायचं म्हणून, एकच पाळणा पुन्हा पुन्हा गात होत्या. बाळ आईजवळ पिऊन झोपून पुन्हा उठलं होतं. एवढी माणसं ताटकळली, पण कुणी आमच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. उलट सगळ्यांना रेवाच बघायची होती. हीच का ती, जीपमधली?

मग दोन बाया पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. "कुनी गोविंद घ्या, कुनी गोपाळ घ्या" म्हणत बाळाला पाळण्याच्या वरून, खालून एकमेकींकडे देऊ लागल्या. हा विधी मी पुण्यात कितीदा पाहिला आहे, फोटोसाठी थांबत थांबत केलेला. इथे तो भरभर झाला. एकीचे हात सुटायच्या आत दुसरीचे हात खाली आलेले. मी इतकं लक्ष देऊन तो पूर्वी कधी बघितला नव्हता.

हौसाताईंनी बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि लगेच त्यांच्या पाठीत बायकांच्या बुक्क्या पडू लागल्या. रेवाला ही रीत इतकी पसंत पडली की तिनेही घुसून चार हाणल्या, तिला गूळ देणाऱ्या, तिला कडेवरून डोंगर उतरवणाऱ्या बाईच्या पाठीत. नाव निघालं रुद्रांश. मला आपलं वाटत होतं, डोंगरातलं बाळ, एखादं साधं जुनं नाव असेल. माझ्या मनात पोटातल्यासाठी घोळत असलेलं नाव त्या म्हाताऱ्यांना सांगितलं, तर त्यांनी ते फारच जुनाट ठरवलं.

माझी ओटी भरली. नाचणीची भाकरी, काळ्या उडदाची आमटी, नव्या तांदळाचा भात आणि खुरासणीची चटणी असं जेवण झालं, वर घुगऱ्यांची पुरचुंडी. निघताना हौसाताई मला म्हणाल्या, पुण्याला बारसं कराल तवा सांगा, येईन म्हनून न्हाई, पर सांगा.

पाण्याच्या काठी

पुढचा सबंध दिवस आम्ही दत्ताकडे होतो. सुहास त्याच्याबरोबर खळ्यावर भाताची झोडणी बघायला गेला. बघायला म्हणून गेला आणि हाताला फोड घेऊन आला. मी आणि रेवा सकाळच्या उन्हात धरणाच्या पाण्याशी बसलो होतो. पाणी खाली उतरत जातं तसा तिथे मऊ गाळाचा काठ उघडा पडतो. रेवा त्यात बोटांनी खड्डे करत होती.

मी तिला विचारणार नव्हते. पण हौसाताईंचं ते "बोलली न्हाई" माझ्या डोक्यातून जाईना.

"जीपमध्ये तुला झोप लागली होती का गं?"

"नाही."

"आम्ही उतरलो ते दिसलं तुला?"

"हो. तू उतरलीस, बाबा उतरला. बाळ उतरलं."

"मग मला हाक का नाही मारलीस?"

ती खड्डा करत राहिली. तिला प्रश्न अवघड वाटला नव्हता, फक्त खड्डा अर्धा होता. तो पुरा झाल्यावर ती म्हणाली, "सगळे म्हणाले, बाळाला जपून उतरवा. मी बाळ नाहीये ना. मी मोठी आहे."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मोठ्या माणसांनी ठरवलेली गोष्ट तिने ऐकली होती आणि पाळली होती. मी तिला जवळ ओढलं, तर तिच्या हातांचा गाळ माझ्या गाऊनला लागला, आणि तिने तो पुसायला घेतला. राहू दे, मी म्हणाले. सुहासला सांगितलं, तेव्हा तो फोड आलेल्या हातांनी तिचे हात धुवायला बसला.

परत

परतीची जीप तीच, ड्रायव्हरही तोच. रेवाला पुन्हा कुणीतरी मागच्या बाकावर मांडीवर ओढून घेतलं. सुहास नको म्हणायला वळला, मीच त्याला थांबवलं. घेऊ दे. फक्त मी हात मागे केला आणि तिच्या पायाचा अंगठा धरला. त्या वळणावळणांच्या रस्त्याने खांदा अवघडून गेला. मागच्या बाईने एकदा विचारलं, काय हरवलं का वैनी? मी म्हटलं, नाही.

घोडेगावचं स्टँड आलं. दार उघडलं, कुणीतरी पायाखाली ठेवायला वीट शोधली, चार हात माझ्या दिशेने आले. सावकाश वैनी, बाळाला जपून उतरवा.

मी जागेवरून हलले नाही.

"आधी मागचं बाळ उतरवा," मी म्हणाले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. रेवाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने, मोठी असूनही, दोन्ही हात वर केले.